पट्टे सरकतात तेव्हा: भारताच्या हवामान प्रोजेक्शनच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

आजपासून नोंदी ठेवतोय, कारण मागच्या कामात कुठली फाइल का टाकून दिली हेच नंतर आठवेना. काम असं: भारताचे हवामान पट्टे घ्यायचे आणि २०४१ ते २०७० मधे, मग २०७१ ते २१०० मधे प्रत्येक पट्ट्यात काय होऊ शकतं ते काढायचं. कमाल-किमान तापमान, पाऊस, जमलं तर दमटपणा. आम्ही दोघंच आहोत, मी आणि एक मैत्रीण, ती कोडमधे माझ्यापेक्षा कितीतरी पुढे.

हे डोक्यात आलं ते काकांमुळे. त्यांची मराठवाड्यात कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. दिवाळीत त्यांना पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालातलं वाचून दाखवत होतो, की १९०१ ते २०१८ मधे देशाचं सरासरी तापमान साधारण ०.७ अंशानं वाढलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "बरं, मग मी काय करू?" त्या आकड्यात लेहपण आहे, चेन्नईपण आहे आणि काकांचं शिवारपण आहे, म्हणजे खरं तर त्यांच्यासाठी त्यात काहीच नाहीये. म्हणून पट्टे.

१५ जानेवारी

पहिलाच प्रश्न, पट्टे कुणाचे घ्यायचे. बांधकामवाले पाच पट्टे मानतात (उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण, थंड). नियोजन आयोगाने शेतीसाठी १५ पाडले, नागपूरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेचे २० कृषी-परिस्थितिकी प्रदेश आहेत, कृषी संशोधनाच्या कामासाठी १२७ विभाग आहेत त्यातले ९ एकट्या महाराष्ट्रात, आणि हवामान खात्याचे ३६ उपविभाग, त्यात आपले चार: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. शिवाय कोपेनचं जागतिक वर्गीकरण आहेच.

दोन तास यावरच वाद. शेवटी ठरलं ते असं की आकडे काढायला हवामान खात्याचे उपविभाग घ्यायचे, ते जागचे हलत नाहीत त्यामुळे आजची आणि उद्याची तुलना सरळ होते. आणि "पट्टा सरकला का" हे बघायला कोपेन, कारण त्याची रेषा तापमान-पावसावरून पडते, ती हलणारच. ही दोन वेगळी कामं आहेत, सुरुवातीला आम्ही दोन्ही एकाच नकाशात कोंबायला निघालो होतो.

१९ जानेवारी

डेटा उतरवणं चालू. सीएमआयपी६ ची मॉडेलं (जगभरच्या संस्थांची हवामान मॉडेलं एकाच नियमानं चालवणारा प्रकल्प), ऐतिहासिक भाग २०१४ ला संपतो म्हणून बेसलाइन, म्हणजे तुलनेचा पाया, १९८५ ते २०१४. पुढं हरितगृह वायू किती सोडले जातील याच्या तीन वाटा घेतल्या, कमीकडून जास्तीकडं: एसएसपी१-२.६, एसएसपी२-४.५ आणि एसएसपी३-७.०. सगळ्यात भडक ती ५-८.५ मुख्य निकालात नको असं माझं मत पडलं, लोक तोच एक नकाशा उचलतात आणि बाकीचे बघतच नाहीत. पुण्याच्या आयआयटीएमचं (उष्णदेशीय हवामान संस्थेचं) मॉडेल यादीत आहे, आपल्याकडचं सीएमआयपी६ मधे गेलेलं पहिलं, ते बघून बरं वाटलं.

२३ जानेवारी

फालतू वाटणाऱ्या गोष्टींत आठवडा गेला पण लिहून ठेवतो, पुढं कुणी करेल त्याचा वेळ वाचेल. तापमान केल्विनमधे येतं, २७३.१५ वजा करा. पाऊस दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती किलो असा येतो, ८६,४०० नं गुणलं की रोजचे मिलिमीटर. रेखांश काही फायलींत ० ते ३६०, काहींत उणे १८० ते १८०. आणि कॅलेंडर! काही मॉडेलांत लीप वर्षच नाही, आणि ब्रिटिश मॉडेलांचं वर्ष ३६० दिवसांचं, प्रत्येक महिना तीसचा, म्हणजे ३० फेब्रुवारी ही तारीख फाइलमधे खरोखर असते. नेहमीच्या तारखांनी वाचायला गेलं की कोड तिथंच आडवा पडतो. मैत्रिणीनं सगळं दिवस-क्रमांकावर नेलं आणि सुटलो.

२८ जानेवारी

कोकण तापलेलं. म्हणजे आमच्या निरीक्षणांच्या नकाशात रत्नागिरीच्या आसपास सरासरी कमाल ५० च्या पुढं, आणि तीही बेसलाइनमधे, जी होऊन गेलीये. घाट ओलांडला की सगळं ठीक. आधी मॉडेलवर शंका घेतली पण हा तर हवामान खात्याचा प्रत्यक्ष मोजणीवरचा ग्रिड होता, एक अंशाचा, ३१ बाय ३१ चौकोन.

रात्री एकेक चौकोन उघडून बघत बसलो. समुद्रावरच्या चौकोनात आकडा ९९.९. तो तापमान नाहीच, "इथे माहिती नाही" याची खूण आहे. पावसाच्या ग्रिडमधे तीच खूण उणे ९९९ असते आणि ती आम्ही आधीच झाकली होती, तापमानाची झाकायची राहिली. मग बारीक ग्रिडवर नेताना समुद्राचा ९९.९ आणि किनाऱ्याचा ३२ यांची सरासरी होत गेली आणि अख्खा किनारा पेटला. दुरुस्त केलं. पण मनात राहिलं ते हे, की चूक ५० ची होती म्हणून दिसली, ९९.९ चा वाटा थोडासाच मिसळला असता आणि कोकण दोन अंशांनीच वर गेलं असतं तर आम्ही "किनारा जास्त तापतोय" असं लिहून मोकळे झालो असतो. आता प्रत्येक पायरीनंतर किमान-कमाल आकडा छापून बघायचा, नियमच केला.

३ फेब्रुवारी

घाटाचं काय करायचं. मॉडेलचा एक चौकोन शंभर ते दोनशे किलोमीटरचा. त्यात अर्धा अरबी समुद्र, कोकणपट्टी, सह्याद्री आणि देशावरचा तुकडा हे सगळं एकाच आकड्यात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीच्या वर पाऊस आणि तिथून पसरणीचा घाट उतरून वाईला आलं की हजाराच्या आत, अंतर तीस-पस्तीस किलोमीटर. मॉडेलला हा डोंगरच नीट दिसत नाही, त्याला एक बुटका लांबट उंचवटा दिसतो, त्यामुळे घाटावर पाऊस कमी आणि पर्जन्यछायेत नको तितका.

०.२५ अंशाच्या निरीक्षण ग्रिडवर बायस करेक्शन करून (मॉडेलची नेहमीची चूक निरीक्षणांशी ताडून काढून) आकडे जागेवर येतात, पण मैत्रिणीचं म्हणणं मला पटलं, की करेक्शन आजचा घाट त्यात भरतं, उद्या वारे बदलले तर घाट कसा वागेल हे काही त्याला माहीत नसतं. म्हणून कोकण आणि मध्य महाराष्ट्रासाठी कॉर्डेक्स प्रकल्पाची २५ किमीवाली प्रादेशिक मॉडेलंपण शेजारी ठेवणार. ती जुन्या पिढीच्या जागतिक मॉडेलांवर चालवलेली आहेत, हे तळटीपेत नाही तर नकाशावरच लिहायचं.

४ फेब्रुवारी

लेहचंही तेच, उलट बाजूनं. लेह साधारण ३,५०० मीटरवर, दरीत. चौकोनाची सरासरी उंची त्याच्या हजार मीटर वर धरली तर किलोमीटरमागे साडेसहा अंश या हिशोबानं मॉडेलमधलं लेह खऱ्या लेहपेक्षा तेवढंच गार. आणि हिमालयात स्टेशनं इतकी विरळ की ज्याच्याशी ताडून बघायचं तो निरीक्षणांचा ग्रिडच कच्चा. थंड पट्ट्याचे निकाल वेगळ्या, फिक्या रंगात दाखवायचे ठरवलं.

११ फेब्रुवारी

बायस करेक्शनसाठी क्वांटाइल मॅपिंग केलं. कल्पना सोपी आहे: मॉडेलचा सगळ्यात गरम एक टक्का दिवस निरीक्षणातल्या सगळ्यात गरम एक टक्क्याशी जुळवायचा, असं वरपासून खालपर्यंत. पण साध्या पद्धतीत भविष्यातली वाढसुद्धा ताणली जाते, मॉडेल तीन अंश म्हणत असेल तर करेक्शननंतर ती वेगळीच निघते. म्हणून डेल्टावाली पद्धत घेतली, तिच्यात वाढ मॉडेलची जशीच्या तशी राहते.

दुसरा घोळ असा निघाला की कमाल आणि किमान वेगवेगळे दुरुस्त केले तर काही दिवशी किमान कमालच्या वर जातं. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी जास्त, कारण तेव्हा दोघांत अंतरच कमी असतं. आता कमाल आणि दोघांतला फरक असं दुरुस्त करतो, किमान त्यातून काढतो.

१८ फेब्रुवारी

गरम मॉडेलांचा प्रश्न. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर जग शेवटी किती तापेल, याला आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीचा) सहावा अहवाल ३ अंश म्हणतो, शक्यता २.५ ते ४ च्या दरम्यान. यादीतलं कॅनडाचं मॉडेल म्हणतं ५.६. सगळ्यांची सरळ सरासरी काढली की अशी दोन-चार मॉडेलं अख्खा नकाशा ओढून नेतात. काढून टाकावीत तर त्यातल्या काहींचा मान्सून बाकीच्यांपेक्षा बरा जमलाय.

तोडगा नवा नाही पण फार उपयोगी आहे. वर्ष विसरायचं. प्रत्येक मॉडेलमधे जग औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा २ अंशांनी तापतं ती वीस वर्षं शोधायची, कुठल्याला ती लवकर येतील कुठल्याला उशिरा, आणि त्या वीस वर्षांत आपल्या उपविभागात काय होतं ते बघायचं. मग १.५ साठी, ३ साठी तसंच. कधी होईल हा प्रश्न वेगळा ठेवायचा: एसएसपी२-४.५ वर २०४१ ते २०६० ची जागतिक सरासरी सुमारे २ अंश येते असा त्याच अहवालाचा अंदाज आहे. काकांना वर्ष लागणार, ते असं सांगता येईल.

२० फेब्रुवारी

डिस्क भरली. दिवसभर फक्त जुन्या फायली उडवल्या.

१ मार्च

आज कोपेन. आणि आज जे दिसलं ते नीट लिहायचंय.

कोपेनमधे जागा कोरडी की ओली हे नुसत्या पावसावरून ठरत नाही. वर्षाचा बहुतेक पाऊस उन्हाळी सहामाहीत पडत असेल (आपल्याकडं मान्सून, म्हणजे तोच) तर हिशोब असा: वर्षाचं सरासरी तापमान दुप्पट करा, त्यात २८ मिळवा, दहानं गुणा. पाऊस त्या आकड्याच्या खाली असेल तर कोरडा गट, अर्ध्याच्याही खाली असेल तर वाळवंट. हातानं करून बघितलं. समजा सरासरी तापमान २६.५ आणि पाऊस ८५० मिमी. सीमा ८१०. म्हणजे जागा ओल्या बाजूला, सवाना. आता तापमान २.५ नं वाढवा, २९ झालं, सीमा ८६०. पाऊस तेवढाच ८५०, आणि जागा निमकोरड्यात गेली! पाऊस एक टक्का वाढवून ८५८ केला तरी निमकोरडीच.

प्रत्येक अंशाला सीमा २० मिमीनं वर चढते. पावसाचा एक थेंब कमी न होता जमीन कोरड्या पट्ट्यात जाऊ शकते, कारण तापलेली हवा जमिनीतलं आणि पिकातलं पाणी जास्त ओढते, आणि कोपेननं शंभरेक वर्षांपूर्वी ते इतक्या साध्या गणितात बसवलं. मराठवाडा आणि लगतचा विदर्भ नेमका या सीमेच्या आसपास आहे, त्यामुळे मॉडेलांच्या नकाशात रेषा तिथंच नाचते. मी बराच वेळ त्या एका ओळीकडं बघत बसलो होतो. काका नेहमी विचारतात पाऊस कमी होणार का, आणि मी इतके दिवस त्याच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो.

२ मार्च

कालचा उत्साह थोडा आवरतो. रेषेच्या अलीकडं-पलीकडं म्हणजे जमीन आसमान नव्हे. ८५५ आणि ८६५ मधे शेताला काहीच फरक पडत नाही, नकाशात मात्र रंग बदलतो. बांधकामाच्या पट्ट्यांत पण हेच, बंगळूरू समशीतोष्ण ठरतं कारण बरेचसे महिने सरासरी कमाल २५ ते ३० मधे बसते, जून ते ऑक्टोबर ती २७-२९ च्या आसपास, दोन अंश वाढवले की त्यातले काही महिने ३० ला टेकतात नाहीतर ओलांडतात आणि शहराचा पट्टाच बदलतो. म्हणून रंगीत नकाशा एकटा द्यायचा नाही. किती मॉडेलांत तो चौकोन पलीकडं गेला तेही शेजारी द्यायचं.

९ मार्च

पावसाचे निकाल. इथं मॉडेलं आपापसात भांडतात. एकूण कल मान्सूनचा पाऊस पुढं वाढण्याकडं, वायव्येला तर बऱ्याच मॉडेलांत स्पष्ट वाढ. पण १९५१ ते २०१५ मधे उन्हाळी मान्सूनचा पाऊस साधारण ६ टक्क्यांनी घटलाय, गंगेचं मैदान आणि पश्चिम घाट यात जास्त. मैत्रीण म्हणाली मग मॉडेलं चूकच ना. तितकं सोपं नाहीये. घटीमागे हवेतल्या धुरकट कणांचा मोठा हात मानला जातो, ते ऊन अडवतात, जमीन कमी तापते, जमीन-समुद्रातला फरक कमी होतो आणि मान्सूनचा जोर उतरतो. पुढं हे कण कमी झाले आणि हरितगृह वायू वाढत राहिले तर पारडं उलटं फिरतं. एसएसपी३-७.० मधे कण फारसे कमी होत नाहीत, १-२.६ मधे झपाट्यानं होतात, म्हणजे आपल्या पावसासाठी वाट कुठली हे फक्त कार्बनवर अवलंबून नाही.

गंगेच्या मैदानात आणखी एक गाठ, तिथलं सिंचन. ओल्या शेतांमुळे दुपारचं तापमान दबलेलं राहतं आणि बऱ्याच मॉडेलांत हे सिंचन नीट धरलेलंच नाही. त्या उपविभागांच्या कमाल तापमानावर शेरा टाकला.

१४ मार्च

एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या धावा बघितल्या, सुरुवातीची स्थिती किंचित वेगळी, बाकी सगळं तेच. पुढच्या वीसेक वर्षांच्या मराठवाड्याच्या पावसात या धावांतला आपापसातला फरक तीन वाटांमधल्या फरकापेक्षा मोठा. म्हणजे जवळच्या काळासाठी "या वाटेवर इतका पाऊस" असं म्हणणंच खोटं ठरेल. तापमानात तसं नाही, तिथं सगळ्या धावा एकाच दिशेनं जातात आणि शतकाच्या मध्यानंतर वाटा स्पष्ट वेगळ्या पडतात. ठरलं, २०४० आधीच्या पावसासाठी वाटा वेगळ्या दाखवायच्याच नाहीत.

२२ मार्च

उष्णतेच्या लाटा. खात्याचा नियम: मैदानात कमाल ४०, किनाऱ्यावर ३७, डोंगरात ३० गाठलं पाहिजे आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश वर असलं पाहिजे, किंवा सरळ ४५. सरासरी दर दहा वर्षांनी नवी होते, आता १९९१ ते २०२० ची आहे. भविष्यासाठी सरासरीही सरकवत नेली तर लाटा फारशा वाढलेल्या दिसणारच नाहीत, कारण आपण मोजपट्टीच तापवतोय. माणसाचं शरीर आणि जनावरं मात्र तीच आहेत. बेसलाइन पक्की ठेवली. कोकणासाठी नुसतं तापमान पुरत नाही, तिथं ३५ अंशातही घाम वाळत नाही, ओल्या फडक्याचं तापमान (वेट बल्ब, म्हणजे पाणी वाळून हवा किती गार होऊ शकते ते) काढायला घेतलं.

३० मार्च

काकांशी फोन. कोपेनचं गणित सांगितलं, त्यांना लगेच पटलं, "उन्हानं ओल उडते हे काय सांगतोस, बघतोय की." मग म्हणाले, "वर्षाचा पाऊस राहू दे बाजूला. मृगात पेरलं, उगवलं, पुढं ऑगस्टात सोयाबीन फुलात आलं की पंधरा-वीस दिवस खंड पडतो. तो वाढणार का तेवढं काढ."

मी म्हणलं, "काढतो काका, पण तुम्हाला महिनाभर थांबावं लागेल."

मंत्रालयाच्याच अहवालात आहे, १९५१ ते १९८० च्या तुलनेत १९८१ ते २०११ मधे कोरडे खंड २७ टक्क्यांनी जास्त वेळा आले. आणि मध्य भारतात १९५० ते २०१५ मधे दूरवर पसरणारे अतिवृष्टीचे प्रसंग तिप्पट झाले. दोन्ही एकदम खरं असू शकतं: हवा दर अंशाला सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे पडतो तेव्हा धो धो, आणि मधले दिवस कोरडे. सरासरीत यातलं काहीच दिसत नाही.

८ एप्रिल

खंड मोजायला घेतले आणि कळलं की मॉडेलांत खंड पडतच नाहीत! रोज थोडी थोडी भुरभुर, अर्धा मिमी, एक मिमी. ही त्यांची जुनी खोड आहे. खात्याचा पावसाचा दिवस म्हणजे २.५ मिमी, पण आधी प्रत्येक मॉडेलच्या ओल्या दिवसांची संख्या निरीक्षणाशी जुळवावी लागली, भुरभुर शून्य करून. हे बायस करेक्शनच्या आधी करायचं होतं, आम्ही नंतर केलं होतं, म्हणून पावसाचं सगळं परत. चार रात्री.

१७ एप्रिल

तक्ता झाला. ३६ उपविभाग, १.५, २ आणि ३ अंश, प्रत्येक रकान्यात एक आकडा नाही तर खालचा, मधला, वरचा. शिवाय किती मॉडेलं एकाच दिशेला आहेत ते. मराठवाड्याच्या ओळीत ऑगस्टचे सलग कोरडे दिवस वेगळे काढलेत, आणि त्याच दिवसांचं कमाल तापमान शेजारी, कारण तीस अंशातला खंड आणि छत्तीस अंशातला खंड एक नव्हे.

१९ एप्रिल

काकांना मराठवाड्याची ओळ पाठवली, साध्या मराठीत, दोन पानं. संध्याकाळी फोन आला. पहिला प्रश्न, "हे अडीच मिलिमीटर कुणी ठरवलं?" सांगितलं. म्हणाले, "दहा दिवस उघडीप असेल ना, तर भारी काळी जमीन भेगाळलेली असते, अडीच मिमीनं वरची धूळसुद्धा बसत नाही. त्याला तू पाऊस धरलास तर माझा खंड मोडला असं तुझा कॉम्प्युटर म्हणणार, पण पिकाच्या मुळाशी काय गेलं?"

बरोबर आहे. आमच्या मोजणीत वीस दिवसांचा एक खंड मधल्या तीन मिमीमुळे नऊ आणि दहा असा दोन तुकड्यांत मोडत होता.

मैत्रिणीला कळवलं. उंबरठा पाच आणि दहा मिमी, दोन्ही चालवून बघायचं, शिवाय सलग तीन दिवसांची बेरीज घेऊनही. मराठवाडा आणि विदर्भ आधी लावलेत, रात्रभर चालेल.